मोटर अजून चालू

चौलहून पुण्याला निघाले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. अलिबागला जाणाऱ्या एसटीची वाट बघत आम्ही तिघं नाक्यावर उभे होतो. आईने डब्याच्या पिशवीला तीन गाठी मारल्या होत्या आणि चौथी मारायला जागा शोधत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या वळणाकडे बघत होते. गाडी दिसली तशी त्यांनी माझी बॅग उचलली, आत चढले, खिडकीजवळची जागा धरली, मला बसवलं आणि खाली उतरून खिडकीपाशी आले. मला वाटलं, आता नीट अभ्यास कर वगैरे सांगतील. ते म्हणाले, "बाय, पोचलीस की एक रिंग दे. मी उचलणार नाय. वाजली की समजेन."

आमच्या घरात प्रेमाचा कारभार हा असा, एका रिंगेत आटपणारा. हॉस्टेलवर पोचले की एक रिंग, परीक्षा संपली की एक रिंग. तिकडून रोज सकाळी सहाच्या सुमारास अण्णांची एक रिंग यायची. घरी सगळं ठीक आहे, एवढाच तिचा अर्थ. मी उलट एक रिंग द्यायचे, म्हणजे इथेही ठीक. उचलायचं कुणीच नाही. रूमवरच्या मुली तासन् तास घरी बोलायच्या आणि मला हसायच्या. मला मात्र त्यात कधी काही कमी वाटलं नाही.

आमची वाडी फार मोठी नाही. नारळ, पोफळी, चार जायफळीची झाडं, मध्ये विहीर आणि विहिरीला लागून मोटरची खोपी. दिवाळी झाली की वाडीला पाणी लावायचं, ते थेट पावसापर्यंत रोज. मोटर लावायला खोपीत जायचं, मग पाटाचं पाणी एकेका आळ्यात वळवत फिरायचं आणि बंद करायला पुन्हा उलट यायचं. अण्णांचे गुडघे दुखायला लागले होते. म्हणून इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी मोटरला एक पेटी बनवली. प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्यात एक सर्किट आणि एक सिमकार्ड. त्या नंबरवर एक रिंग दिली की मोटर चालू, पुन्हा दिली की बंद. दर वेळी दोन नंबरांवर मेसेज जायचा, एक अण्णांच्या आणि एक माझ्या. 'मोटर चालू.' 'मोटर बंद.' शिवाय तासाभरापेक्षा जास्त चालली, तर दर पंधरा मिनिटांनी 'मोटर अजून चालू'. हा तिसरा मेसेज सरांनी सुचवला नव्हता, माझ्याच डोक्यातून आला होता. त्याचा मला फार अभिमान होता.

पहिल्याच महिन्यात पेटी बंद पडली. मी पुण्याहून दोन गाड्या बदलून आले, डबा उघडला, तर आत पाल शिरून चिकटून मेली होती. अण्णा म्हणाले, "ऊब लागते तिला. तिचाही विचार करायला हवा होतास." पुढे बंगळूरला नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुम्ही सोडवलेला सर्वांत अवघड बिघाड सांगा. मी पालीची गोष्ट सांगितली. तिघेही हसले, मग त्यातला एक गंभीर होऊन म्हणाला, हेच तर आमचं काम आहे. नोकरी मिळाली. माझ्या करिअरचा पाया त्या पालीने घातला, हे मी आजही नव्या मुलांना सांगते.

काम असं होतं की कंपनीची हजारो सर्व्हर मशीन्स चालू आहेत ना, यावर नजर ठेवायची. काही बिनसलं की अलर्ट येतो आणि ज्याची पाळी असेल त्याने धावायचं. गंमत अशी की अलर्ट दिवसाला शेकड्यांनी यायचे आणि त्यातले बहुतेक फुकटचे असायचे. लोक इतके बधिर झाले होते की खरी आग लागली तरी बघायला कुणी मान वर करत नसे. मी ते साफ करायला घेतलं. मी एक नियम केला. जो अलर्ट वाजल्यावर आपण उठून काहीच करत नाही, तो अलर्ट नव्हे, तो गोंगाट. तो बंद करा. हे वाक्य मी एका स्लाइडवर लिहिलं आणि ती स्लाइड कंपनीभर फिरली. सहा महिन्यांत अलर्ट दहाव्या हिश्श्यावर आले. मला बढती मिळाली, मग टीम मिळाली, मग दोन टीम. आई शाळेत शिक्षिका होती, तिने निवृत्तीनंतरही शाळेत जाऊन पेढे वाटले.

या सगळ्यात मोटरचे मेसेज येतच होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी तर मी त्यांच्यावर जीव लावून असायचे. अण्णांनी सकाळची रिंग देणं आता सोडलं होतं, कारण मोटरचा मेसेज म्हणजेच त्यांची रिंग. सहा दहाला 'मोटर चालू', की मी त्यांना उलट एक रिंग द्यायचे. एकदा त्यांचा ओटीवर डोळा लागला आणि 'मोटर अजून चालू' आला. मी लगेच फोन लावला, "अण्णा, मोटर!" ते धडपडत उठले. पुढचे आठ दिवस त्यांनी सगळ्या चौलला सांगितलं की बंगळुरात बसून माझ्या पोरीने इथली मोटर बंद करायला लावली.

नंतर रिंग रोज जाईना. एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग रविवारच्या फोनवर सगळं एकदम. कुणी ठरवून हे करत नाही. तुमच्यापैकी जे घर सोडून गेले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि एका रिकाम्या शनिवारी मी माझा फोन साफ करायला बसले. बँकेचे, दुकानांचे, सोसायटीचे मेसेज एकेक करून गप्प केले. मोटरचा नंबर आला. रोज दोन मेसेज. त्यावर मी काय करते? काहीच नाही. माझ्याच नियमाने तो गोंगाट ठरत होता. मी ते मेसेज न वाजता परस्पर एका फोल्डरमध्ये जातील असं करून टाकलं. दोन सेकंदांचं काम होतं. मला त्यात कसलंही दुःख झालं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. पुढच्या मे महिन्यात आई एका लग्नासाठी आपल्या माहेरी, तळा गावी गेली होती. अण्णा घरी एकटे होते. सकाळी सहा दहाला त्यांनी मोटर लावली, चिखल लागू नये म्हणून सदरा काढून खोपीच्या खिळ्याला अडकवला आणि पाणी वळवायला पोफळींत गेले. तिथेच ते पडले. फोन सदऱ्याच्या खिशात होता, त्यांच्यापासून दहा पावलांवर.

सात दहाला माझ्या पेटीने तिचं काम केलं. 'मोटर अजून चालू.' मग सात पंचवीसला, सात चाळीसला. दहा वाजायच्या आत बारा वेळा. खिळ्यावरचा फोन बारा वेळा वाजला असणार. माझ्याकडे बारा मेसेज न वाजता फोल्डरमध्ये जाऊन पडले. त्या दिवशी आमच्या कंपनीत काहीही बंद पडलेलं नव्हतं. मी निवांत इडली खाल्ली, चालत ऑफिसला गेले, खिडकीपाशी उभं राहून कॉफी प्यायले. बंगळूर आणि चौल यांत वेळेचा फरकही नाही. परदेशात असते तर झोपले होते असं तरी म्हणता आलं असतं.

दहाला गणूदादा नारळ उतरवायला आला. तो आमच्याकडे वर्षानुवर्षं माडांवर चढतो. वाडीतलं पाणी फाटकाबाहेर रस्त्यावर आलेलं बघून त्याने आधी अण्णांच्या नावाने हाका मारल्या, मग खोपीत जाऊन भिंतीवरचं मेन स्विच पाडलं आणि मग त्याला अण्णा दिसले. ते पाण्यात होते, श्वास चालू होता. शेजारच्यांच्या गाडीतून अलिबागला नेलं. मी पोचायच्या आत, संध्याकाळी ते गेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी डॉक्टरांना विचारलं, तीन तास आधी आणलं असतं तर? ते थकलेले होते आणि चांगले होते. म्हणाले, "सांगता येत नाही." हो म्हणाले असते तरी चाललं असतं, नाही म्हणाले असते तर फारच बरं झालं असतं.

तोवर मला मेसेजांचं काही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसलो होतो. घर माणसांनी भरलेलं होतं आणि टाकीत पाणी नव्हतं. मामा खोपीत गेला आणि त्याने मेन स्विच वर केलं. तेवढ्यात अण्णांच्या फोटोशेजारी ठेवलेला त्यांचा फोन वाजला. सगळ्यांनी माना वळवल्या. मी उचलून बघितलं. 'मोटर अजून चालू.'

भुताखेताचं काही नव्हतं. चूक माझ्याच प्रोग्रॅममध्ये होती. वीज जाऊन आली की पेटी आपलं जुनं काम पुढे चालू करायची. गणूदादाने भिंतीवरचं स्विच पाडलं होतं, पण रिंग देऊन मोटर बंद कुणीच केली नव्हती. पेटीच्या लेखी अण्णांनी सकाळी सहा दहाला लावलेली मोटर अजून चालूच होती, आणि ती बंद करायला ते येतील याची ती वाट बघत होती. मी फोन हातात धरून उभी राहिले. मग त्याच्या आधीचे बारा मेसेज दिसले. मग मला माझा फोल्डर आठवला.

मागच्या पडवीत जाऊन मी तो उघडला. बारा मेसेज होतेच. मी वर वर सरकत गेले आणि पावसाळ्यापाशी थांबले. जुलैत, ऑगस्टमध्ये रोज सकाळी सहा दहाला 'मोटर चालू', सहा अकराला 'मोटर बंद'. एक मिनिट. वाडीला पाणी लागत नाही अशा दिवसांत, रोज, न चुकता. मला काही कळेना. मी गणूदादाला विचारलं. तो जास्वंदीखाली बसला होता, वर न बघता बोलला.

"पावसात कोन मोटर लावतं, बाय? आभालातनं धो धो पानी पडतंय, न् ह्यो मानूस ओटीवर बसून मोटर लावायचा, मिनटात बंद करायचा. इचारलं तर म्हनायचा, बसून ऱ्हायली तर जाम होते. मोटर न्हाय गो जाम होत येवढ्यात. तुला कलावं म्हनून."

मी बंगळूरला परत आले. आमच्या धंद्यात एक चांगली पद्धत आहे. मोठा बिघाड झाला की नंतर बसून त्याचा अहवाल लिहायचा. किती वाजता काय झालं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं नाही. त्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही. माणूस चुकतोच, पद्धत सुधारायची, असं आम्ही मानतो आणि मी स्वतः कितीतरी रडवेल्या मुलांना हे सांगून शांत केलं आहे. एका रविवारी मी तसा अहवाल उघडला. सहा दहा, सात दहा, सात पंचवीस, सगळं ओळीने लिहिलं. 'मूळ कारण' या रकान्यापाशी आले. 'मेसेज गप्प केलेले होते' असं लिहिलं. कुणी केले होते, ते आमच्या पद्धतीप्रमाणे लिहायचं नव्हतं. मी रात्रीच्या जेवणापर्यंत त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले आणि मग न साठवता तो बंद केला.

ऑफिसात माझी स्लाइड अजून दाखवतात. नवी मुलं येऊन म्हणतात, मॅडम, ती गोंगाटवाली स्लाइड तुमची ना? मी हो म्हणते. दुसरं काय म्हणणार? फोन न वाजताही तो वाजल्यासारखं होतं, दिवसातून कितीदा तरी. मीटिंगमध्ये, भाजी घेताना, केस धुताना. एसीच्या घरघरीत मला मोटर ऐकू येते. आणि ती थांबावी असंही वाटत नाही, कारण थांबली की त्या सकाळी ती मला ऐकूच आली नव्हती, हे आठवतं.

आईला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, पेटीच त्या दिवशी बिघडली असेल. मी तसं वाटू दिलं. ती चौल सोडून यायला तयार नव्हती, आणि मी फार आग्रह केला नाही, कारण रोज तिच्यासमोर जेवायला बसणं मला जमलं नसतं. दर रविवारी फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलायचो. एक लेक आईशी सहा महिने खोटं बोलत होती, आणि तेही गप्प राहून.

मागच्या दिवाळीला चौलला गेले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून आम्ही दोघी सुपारी सोलत होतो. आई म्हणाली, "आता पाणी सुरू करायला हवं. ती पेटी दुरुस्त होईल का गं?" आणि मला ते पेलवेना. मी म्हटलं, "आई, पेटी बिघडली नव्हती." मग सगळं सांगितलं. शनिवार, फोल्डर, बारा मेसेज, इडलीसुद्धा. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

ती बराच वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

तिने सांगितली ती संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. एके दिवशी अण्णांनी सकाळी मोटर लावली आणि तास उलटला तरी बंद करेनात. फोन हातात घेऊन ओटीवर बसून राहिले. अंगणात चिखल झाला, आई ओरडली, अहो, मोटर बंद करा. ते म्हणाले, थांब जरा, बघतोय. अजून पंधरा मिनिटं गेली. अजून पंधरा. मग त्यांनी रिंग देऊन मोटर बंद केली, फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "कामात असेल बाय."

"दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी काय? सहा दहाला लावली की परत," आई म्हणाली. "मी म्हटलं, ती बघत नाही तर कशाला आटापिटा? तर म्हणाले, तिने बघायला पाहिजे असं कुठे आहे? आपण लावायची."

मी रडले. सहा महिन्यांचं रडले. आईने मला जवळ घेतलं नाही आणि गप्पही केलं नाही. थोड्या वेळाने माझ्या पुढ्यातल्या सुपाऱ्या तिने आपल्याकडे ओढल्या आणि माझ्या वाटच्याही सोलल्या. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

निघण्याआधी मी पेटीची चूक दुरुस्त केली. वीज गेली की आता पेटी सगळं विसरते. अण्णांचा नंबर काढून आईचा घातला. तेही दोन सेकंदांचंच काम होतं, पण मला त्याला फार वेळ लागला. आणि माझ्या फोनवर मोटरच्या मेसेजला सर्वांत मोठा आवाज लावला, कुठेही असले तरी वाजेल असा.

तेव्हापासून रोज सहा दहाला ती वाजते. चौलमध्ये वाडी आहे, घर आहे, दाराशी जास्वंद आहे. इथे बंगळुरात माझा स्वतःचा फ्लॅट आहे. पण कुणी घर कुठे म्हणून विचारलं, तर मला 'मोटर चालू' आणि 'मोटर बंद' यांच्यामधली ती चाळीस मिनिटं आठवतात. तेवढा वेळ मी घरी असते. आंघोळ करत नाही, कानात काही घालत नाही, चहा निवला तरी चालतो. तुमच्याकडेही असं काहीतरी रोज येत असेल. सकाळचं फुलाचं चित्र असेल, जेवलात का असेल. त्यावर करण्यासारखं काही नसतं, हे मला पुरेपूर माहीत आहे. तरी ते गप्प करू नका.

काल सहा दहाला 'मोटर चालू' आला. मी उलट रिंग दिली. सहा पन्नास झाले, बंद नाही. सात वाजले. मी चपला घालून दारातच उभी राहिले, कशाला ते मला माहीत नाही. सात दहाला फोन वाजला, 'मोटर अजून चालू.' मी आईला फोन लावला. पूर्ण वाजून थांबला. पुन्हा लावला. गणूदादाचा नंबर शोधताना फोन हातातून खाली पडला. उचलला, तर आईचाच फोन येत होता.

"आई! कुठे आहेस? मोटर..."

"ओटीवर बसलेय," आई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "किती मिनिटांत केलास?"

"काय?"

"मेसेज आल्यावर. किती मिनिटांत केलास फोन?"

"एक. एकसुद्धा नसेल."

तिच्या मागे पाटाचं पाणी वाहताना ऐकू येत होतं.

"बघत होते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लगेच मेसेज वाजला. 'मोटर बंद.' मी दारातच खाली बसले आणि उलट एक रिंग दिली. आईने उचलली नाही.